पत्त्यांची शिकवणी, सत्तरीनंतर



‘पत्ते कुटणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत कौतुकाने कधीच वापरला जात नाही. वास्तविक आपल्यापैकी बहुतेकांना इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांची ओळख करून दिली ती घरातल्याच वडीलधाऱ्यांनी. मे महिन्याच्या सुटीत ओसरीवर सतरंजी पसरून मेंढीकोट, लाडीस, पाच-तीन-दोन शिकवणारी आजी आपणा सर्वांना आठवते. सावंतवाडीची गंजिफा हे तर आपल्या कोकणाचे भूषण आहे. तिच्या दशावतारी प्रकारात १० रंग, प्रत्येक रंगाची १२ पाने, अशी १२० गोल, हाताने रंगवलेली पाने असतात. इतका जुना आणि घरचा असा हा खेळ. परंतु तोच एखादा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ मन लावून खेळू लागला, की घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. आणि तो खेळ नीट शिकण्यासाठी त्याने पदरचे पैसे मोजून शिक्षक ठेवला, तर त्याची बुद्धी फिरली की काय अशी शंका घेऊन घरची माणसे डॉक्टरांकडे येतात.

टेमघरच्या माझ्या दवाखान्यात अशीच एक तक्रार आली. कल्याण-भिवंडी रस्त्यावरचे हे गाव ‘शहाड-टेमघर’ या जोडनावामुळे, म्हणजे ‘स्टेम’च्या पाणीपुरवठ्यामुळे, ठाणे जिल्ह्यात बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. आता त्यात मेट्रोच्या खांबांची भर पडली आहे. आसपासच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचे आयुष्य गेले, अशी पुष्कळ ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी एक काका एका कारखान्यात ताग्यांचा आणि सुताचा हिशेब ठेवत असत. वय ७२. तीन वर्षांपूर्वी पत्नी निवर्तली. मुलगा पुण्यात, नातू शिक्षणासाठी कॅनडात. त्यांची ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन आणि त्यांच्या संमतीने मी ही हकीगत सांगतो आहे.

मुलाचा फोन आला, तेव्हा त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती अधिक होती. “डॉक्टर, बाबा पोकर शिकतायत. दर शनिवारी एक मुलगा घरी येतो, तासाचे ५०० रुपये घेतो. तुम्ही जरा समजावा त्यांना. तुमचं ऐकतील.”

समजावण्यापूर्वी समजून घ्यावे, हा आमच्या व्यवसायाचा पहिला धडा. पोकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोव्यातल्या मांडवीवरची तरंगती कॅसिनो येतात, किंवा चित्रपटांतले सिगारेटच्या धुरातले टेबल. काकांच्या घरी मात्र वेगळेच दृश्य होते. टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला होता. पैशांच्या जागी एका पितळी डब्यात चिंचोके होते. शेजारी जाड पुठ्ठ्याची, हिशेबाला वापरतात तशी, लांबट वही. शिकवायला येणारा तरुण कल्याणचा, वयाने नातवापेक्षा थोडा मोठा. शिकवणी चालू असेपर्यंत काका त्याला ‘सर’ म्हणत. तास संपला आणि चहा आला, की ‘घे बाळा’ म्हणत.

हे सारे कशासाठी, असे मी विचारले. काका म्हणाले, “नातू तिकडे मित्रांबरोबर हा खेळ खेळतो. रविवारी फोनवर बोलायला दोन मिनिटांच्या वर विषय उरत नव्हता. जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच. म्हटलं, त्याचा खेळ आपण शिकावा.” आता आजोबा-नातू रविवारी व्हिडिओवर खोट्या चिपांनी तासभर खेळतात. दोन मिनिटांचे संभाषण एका तासाचे झाले आहे.

वैद्य म्हणून माझे समाधान केवळ या उत्तराने होणे योग्य नव्हते. अचानक सुरू झालेला नवा नाद हे कधी कधी आजाराचेही लक्षण असते. त्यामुळे मी तीन गोष्टी तपासल्या. पहिली, स्मरणशक्ती आणि विवेक: तारीख, वार, हिशेब, अलीकडच्या घटना, निर्णयामागची कारणे. दुसरी, चालू असलेल्या औषधांची संपूर्ण यादी. तिसरी, पैशांचा व्यवहार: बँकेतून नेहमीपेक्षा जास्त रक्कम निघते आहे का, कोणाकडून उसने घेतले आहे का, काही लपवाछपवी आहे का. तिन्ही गोष्टी स्वच्छ होत्या. शिकवणीचा खर्च त्यांनी स्वतःच्या मासिक खर्चाच्या वहीत ‘शिक्षण’ या सदराखाली लिहिला होता. मुलाला मी तसे कळवले आणि एका शनिवारी स्वतः येऊन बसण्याचे सुचवले.

शिक्षक ठेवण्यात वावगे ते काय? कुस्तीला वस्ताद लागतो, गाण्याला गुरू लागतो, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. शिवाजी पार्कवर मुले घडवणाऱ्या रमाकांत आचरेकर सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८६ मध्ये बुद्धिबळासाठी तो आपल्याच रघुनंदन गोखले यांना मिळाला होता. बैठ्या खेळालाही प्रशिक्षक लागतो याची ती राष्ट्रीय पावतीच होय. प्रश्न एवढाच उरतो, की हे सारे केवळ तरुणांसाठी असते काय? २०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा प्रथमच समावेश झाला. त्यात ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी भारतासाठी सुवर्णपदक जिंकले. त्याच पथकात रिटा चोक्सी होत्या. त्यांचे वय ७९ होते. ज्या वयात आपण आई-वडिलांना ‘तुम्ही आता स्वस्थ बसा’ असे सांगतो, त्या वयात त्या देशाचा गणवेश घालून उतरल्या होत्या.

वाढत्या वयात नवे शिकण्याने मेंदूला काय लाभ होतो, याविषयी नेमके आणि मोजके बोलणे आवश्यक आहे. कारण या क्षेत्रात अतिशयोक्ती फार झाली आहे. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथे ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींची वर्षानुवर्षे पाहणी करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु अशा पाहणीतून खेळामुळे आजार टळला, की आजार नसलेल्यांनाच खेळ जमला, हे ठामपणे सांगता येत नाही. २०१४ मध्ये टेक्सासच्या डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी ६० ते ९० वयाच्या मंडळींपैकी काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम असे पूर्वी कधीही न केलेले काम शिकवले. इतरांनी केवळ एकत्र जमून गप्पा-सहली केल्या, किंवा घरी बसून परिचित गोष्टींतच वेळ घालवला. नवे आणि कठीण काम शिकणाऱ्यांच्या स्मरणात सुधारणा दिसली.

यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो: ५० वर्षे खेळत आलेली रमी आणखी खेळण्याने करमणूक होईल. मेंदूला व्यायाम हवा असेल, तर काहीतरी नवे, थोडे अवघड आणि दुसऱ्या माणसाच्या सोबतीने करावयाचे असे हवे. पोकर किंवा ब्रिज हे औषध नव्हे. त्याने विस्मरणाचा आजार बरा होत नाही. परंतु २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या ज्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली, तिच्यात एकाकीपणा, बहिरेपणा आणि दृष्टीचा अधूपणा यांचाही समावेश आहे. शिक्षक येणार म्हणून शनिवारी दाढी करून, चश्मा पुसून, श्रवणयंत्र लावून बसणारा माणूस यांपैकी निदान एका-दोन कारणांशी झुंज देत असतो.

आता त्या वहीकडे वळतो, कारण या लेखाचे खरे कारण ती वही आहे.

पोकरचा शिक्षक नेमके काय शिकवतो, याचे मला कुतूहल होते. माझी कल्पना, हूल कशी द्यावी, चेहरा कसा निर्विकार ठेवावा, एवढेच तो शिकवत असेल. प्रत्यक्षात त्याने पहिल्या दिवशी काकांना वहीत चार रकाने आखायला लावले होते. पहिल्या रकान्यात, ‘मला काय दिसत होते’. दुसऱ्यात, ‘मी काय ठरवले’. तिसऱ्यात, ‘का ठरवले’. चौथ्यात, ‘पुढे काय झाले’. प्रत्येक महत्त्वाचा डाव या चार रकान्यांत लिहायचा. आणि पुढच्या शनिवारी त्याची तपासणी करताना चौथा रकाना कागदाने झाकून ठेवायचा. डाव जिंकला की हरला, हे न पाहता निर्णय बरोबर होता का, एवढेच ठरवायचे.

हे विचित्र वाटते ना? मलाही वाटले. तेव्हा त्या तरुणाने एक उदाहरण मांडून दाखवले. पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने हातात मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडी पडतात. समजा, तुमच्या हातात दोन बदाम आहेत आणि मध्ये उघडलेल्या पहिल्या तीन पानांत आणखी दोन बदाम आले. पाचवा बदाम आला, तर बहुधा डाव तुमचा. तुम्ही पाच पाने पाहिली. ४७ पाने अज्ञात आहेत. त्यांत ९ बदाम उरले आहेत. म्हणजे पुढचेच पान बदाम असण्याची शक्यता ४७ पैकी ९, सुमारे १९ टक्के. मध्ये १०० चिंचोके जमले आहेत आणि पुढे जाण्यासाठी तुम्हाला २० चिंचोके टाकावे लागणार आहेत. ते टाकल्यावर ढीग होईल १२० चा, त्यात तुमचा वाटा एक षष्ठांश. एक षष्ठांशाची किंमत देऊन जवळजवळ एक पंचमांशाची शक्यता तुम्हाला मिळते आहे. तेव्हा चिंचोके टाकणे हाच योग्य निर्णय.

“आता गंमत बघा, डॉक्टर,” तो म्हणाला. “४७ पैकी ३८ वेळा बदाम येणार नाही. म्हणजे योग्य निर्णय घेऊनही पाचांतल्या चार वेळा लगेच हवं ते पान येत नाही. नवशिक्या खेळाडू तेवढ्यावरून आपला निर्णय चुकला असं समजतो, चिडतो, आणि पुढच्या डावात खरोखर चूक करतो. मी काकांना फक्त ते समजणं थांबवायला शिकवतो.”

वैद्यकीचा सारा व्यवहार या एका वाक्यात बसतो, असे मला त्या क्षणी वाटले. आम्हीही दररोज अर्धीच पाने पाहून निर्णय घेत असतो. रक्त पातळ करण्याचे औषध द्यावे तर रक्तस्रावाची भीती, न द्यावे तर पक्षाघाताची. शक्यतांचे वजन करून सल्ला द्यावा लागतो आणि पुढचे पान उघडण्याची वाट पाहावी लागते. रुग्णांचे नातेवाईक मात्र चौथा रकाना पाहूनच पहिल्या तीन रकान्यांचा निवाडा करतात. आपल्या संस्कृतीने फळाची आसक्ती न धरता कर्म करण्याचा उपदेश हजारो वर्षांपूर्वी केला. तो उपदेश पाठ असलेली माणसेसुद्धा घरात दुःख घडले, की ‘मी असे केले नसते तर’ या प्रश्नाशी येऊन थांबतात.

काही महिन्यांनी काका रक्तदाब तपासायला आले. तपासणी झाल्यावरही उठेनात. मग पिशवीतून तीच लांबट वही काढली आणि शेवटचे पान उघडून माझ्यासमोर ठेवले. त्या पानावर पत्त्यांचा डाव नव्हता.

पहिला रकाना: ‘खुब्याचे हाड मोडले. वय ६८. मधुमेह. झोपून राहिली तर फुप्फुसात कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. दोन डॉक्टरांचे मत, शस्त्रक्रिया लवकर करावी.’ दुसरा: ‘मी सही केली.’ तिसरा: ‘ती पुन्हा चालावी म्हणून. झोपून राहिली तर धोका जास्त, असे दोघांनी सांगितले म्हणून.’ चौथ्या रकान्यावर त्यांनी स्वतःचा तळहात ठेवला होता. त्याखाली काय लिहिले असेल ते मला ठाऊक होते. शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी काकू गेल्या होत्या. तीन वर्षे हा माणूस ‘माझ्या सहीने गेली’ असे मनाशी म्हणत जगत होता. मुलाला त्याने हे कधी सांगितले नव्हते. मलाही नाही.

“तिसऱ्या रकान्यात चूक सापडते का, ते सांगा डॉक्टर,” ते म्हणाले.

मी पान पुन्हा सावकाश वाचले. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांत, प्रकृती साथ देत असेल तर, लवकर शस्त्रक्रिया करून त्यांना उठते करणे हाच जगभर स्वीकारलेला मार्ग आहे. अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके त्यांनी वहीत लिहिले होते, तेच आमच्या पुस्तकांतही आहेत. शस्त्रक्रियेचाही धोका असतो, आणि तो काहींच्या वाट्याला येतोच. मी म्हणालो, “काका, तिसऱ्या रकान्यात चूक नाही. त्या दिवशी, तेवढ्या माहितीवर, मीही हेच सांगितले असते.” ते बराच वेळ गप्प बसले. मग तळहात उचलला आणि वही मिटली. दुःख त्यानंतरही आहे. परंतु झोपेच्या गोळीसाठी ते पूर्वी दर महिन्याला येत, तसे आता येत नाहीत.

आपल्या घरात कोणी रुग्णसेवा करीत असेल, कोणी नुकतेच जवळचे माणूस गमावले असेल, तर हे चार रकाने त्यांच्यासाठीही आहेत. दवाखान्यात कधी न्यायचे, अतिदक्षता विभागात ठेवायचे की घरी आणायचे, नळीने अन्न द्यायचे की नाही, असे निर्णय काळजी घेणाऱ्यांना अपुऱ्या माहितीवर, अपुऱ्या झोपेत घ्यावे लागतात. ते घेतले त्याच दिवशी कारणासह लिहून ठेवा. पुढे मनाने तुमच्यावर आरोप ठेवला, तर तो दिवस जसा होता तसा तुमच्या बाजूने साक्ष देईल.

या विषयाची दुसरी बाजू सांगितल्याविना हा लेख पूर्ण होणार नाही. माझ्याच परिचयातल्या एका गृहस्थांनी आयुष्यात कधी लॉटरीचे तिकीटही घेतले नव्हते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते रात्र रात्र मोबाइलवर पैसे लावून खेळू लागले. पत्नीने त्याला म्हातारचळ म्हटले. औषधांची यादी पाहिली, तेव्हा उलगडा झाला. कंपवातासाठी त्यांना प्रामिपेक्झोल सुरू झाले होते. प्रामिपेक्झोल, रोपिनिरोल या गटातील औषधे कंपवातात आणि पायांच्या अस्वस्थतेच्या विकारात उपयुक्त ठरतात. परंतु काही रुग्णांत ती मनाचा लगाम सैल करतात. जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे किंवा लैंगिक वागण्यातला अचानक बदल, अशा रूपांत ते दिसते. हा स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असतो आणि मात्रा किंवा औषध बदलल्यावर बहुधा ओसरतो. मात्र ही औषधे स्वतःहून एकदम बंद करू नयेत, तेही धोक्याचे असते. तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानेच बदल करावा. या गृहस्थांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तसा बदल केला आणि काही आठवड्यांत तो नाद सुटला. गेलेले पैसे परत आले नाहीत. घरच्यांनी मात्र त्यांच्याकडे पुन्हा पूर्वीच्या आदराने पाहिले.

कायद्याचीही सीमारेषा ध्यानात असू द्या. आपल्या राज्यात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेद तिथे ठेवलेला नाही. असे खेळ पुरवणे आणि त्यांची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. तेव्हा ‘शिकवतो, आणि मग एका ॲपवर पैसे लावून दाखवतो’ असे कोणी म्हणाला, तर तो शिक्षक नव्हे. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जुगाराचे व्यसन जडले असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे.

घरी शिक्षक लावायचाच झाला, तर तो कसा निवडावा? काकांच्या अनुभवावरून आणि माझ्या निरीक्षणावरून काही गोष्टी सुचवतो. शिक्षक ओळखीतून आलेला असावा आणि पहिले काही तास घरातले दुसरे कोणी उपस्थित असावे. शुल्क तासागणिक द्यावे. वर्षाचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. बँकेचे तपशील, मोबाइलवर येणारे गुप्त क्रमांक यांचा शिकवणीशी काहीही संबंध नसतो. जिंकण्याची हमी देणाऱ्यापेक्षा तुमच्या चुका शांतपणे दाखवणारा बरा. आणि त्याने तुम्हाला प्रश्न विचारावेत. ‘हे पान का टाकलेत?’ असे तो विचारत नसेल, तर तो शिकवत नसून केवळ तुमच्याबरोबर खेळतो आहे.

पोकर नको वाटत असेल, तर ब्रिज उत्तम. त्यात जोडीदार लागतो, म्हणजे सोबत आपोआप येते. ‘डुप्लिकेट’ प्रकारात तेच वाटप वेगवेगळ्या टेबलांवर खेळले जाते, त्यामुळे पाने वाईट आली ही सबब उरत नाही. आणि कंटाळ्याची तर चिंताच नको. १३ पानांचे निरनिराळे हात ६३,५०१ कोटींहून अधिक होऊ शकतात.

शरीराकडेही लक्ष असू द्या. मोठ्या अंकांची पाने बाजारात मिळतात, ती घ्यावीत. बोटांत संधिवात किंवा हाताला कंप असेल, तर पाने उभी ठेवण्यासाठी खाच पाडलेली लाकडी पट्टी सुताराकडून करून घ्यावी. दिवा डाव्या-उजव्या बाजूने असावा, पानांवर चकाकी येऊ नये. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. सलग बसण्याने पायांना सूज येते. मधुमेह्यांनी खेळाच्या नादात जेवणाची आणि औषधाची वेळ चुकवू नये. रात्री उशिरापर्यंत डाव चालू ठेवू नये, झोपेचे मोल कोणत्याही डावाहून अधिक आहे.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना एक विनंती. घरातील ज्येष्ठांनी काही नवे शिकायला घेतले, तर पहिला प्रश्न ‘किती पैसे घेतो?’ हा नसावा. ‘काय शिकलात?’ हा असावा. त्या प्रश्नाच्या उत्तरातच तुम्हाला त्यांच्या स्मरणाची, विवेकाची आणि मनःस्थितीची खबर मिळेल. नियम समजावून सांगताना ते अडखळतात का, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात का, पूर्वी सहज जमणारा हिशेब चुकतो का, हे सहज ध्यानात येते. तसे आढळले तर रागावू नका, तपासणीला घेऊन या. आणि काहीच आढळले नाही, तर तुम्हीही सतरंजीवर बसा.

ज्येष्ठ वाचकांनो, वही घरात असेलच. तिच्यात चार रकाने आखा. डाव पत्त्यांचा असो, औषधोपचाराचा असो, की जमिनीच्या कागदपत्रांचा, निर्णय घेण्याआधी पहिले तीन रकाने भरा. पुढच्या तपासणीला आपल्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर ती वहीही न्या. माझ्याकडे आलात, तर आपण ती मिळून वाचू.